पोती भरून आलेली पत्रे

आमच्या शेजारचे तात्या मुंबईच्या गोदीतून निवृत्त झाले. त्यांची धाकटी मुलगी नर्स आहे. तिला इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयाचे नेमणूकपत्र आले, तेव्हा साऱ्या चाळीने पेढे खाल्ले. गाव कोणते, तर वुल्व्हरहॅम्प्टन. ते नाव म्हणता म्हणता तात्यांची जीभ चार वेळा अडखळली. रात्री ते आमच्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तुम्ही वाचता, तुम्हाला ठाऊक असेल. पोरगी जाते आहे त्या गावात आपल्या रंगाच्या माणसाला कसे वागवतात?"

आम्ही म्हणालो, "तात्या, त्या गावाचे नाव आम्ही वाचले आहे, आणि तेही एका पुढाऱ्यामुळे." त्या रात्री तात्यांना जे सांगितले, तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या पुढाऱ्याचे नाव इनॉक पॉवेल. माणूस अडाणी नव्हता. पंचविसाव्या वर्षी ते ऑस्ट्रेलियात ग्रीक भाषेचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिगेडियर झाले. १९४३ ते १९४६ या काळात ते हिंदुस्थानात होते, उर्दू शिकले, आणि आपण एक दिवस इथले व्हाइसरॉय व्हावे असे त्यांचे स्वप्न होते. राज्यच गेले, तेव्हा स्वप्नही गेले. १९५० साली हुजूर पक्षातर्फे ते वुल्व्हरहॅम्प्टनमधून पार्लमेंटात गेले. १९६० ते १९६३ ते आरोग्यमंत्री होते. त्यांच्या खात्याखालच्या रुग्णालयांत वेस्ट इंडीजमधून आलेल्या कितीतरी नर्स त्या वेळी रात्रपाळ्या करीत होत्या.

२० एप्रिल १९६८, शनिवार. बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात पॉवेल यांनी आपल्या पक्षाच्या मंडळींपुढे भाषण केले. बाहेरून येणारा काळा, सावळा माणूस थांबविला नाही, आलेल्याला परत पाठविला नाही, तर देशावर अनर्थ कोसळेल, असा त्याचा मथितार्थ. शेवटी त्यांनी प्राचीन रोमन कवी व्हर्जिलचा दाखला देऊन रक्ताने फेसाळलेल्या नदीचे चित्र उभे केले. तेव्हापासून ते भाषण 'रक्ताच्या नद्या' याच नावाने ओळखले जाते.

वाचकहो, हे भाषण त्याच आठवड्यात का झाले, हे ध्यानात घ्या. मजूर पक्षाच्या सरकारने एक विधेयक आणले होते. रंग किंवा वंश पाहून कोणाला घर नाकारू नये, नोकरी नाकारू नये, असे त्यात होते. दोन-तीन दिवसांत त्याची पार्लमेंटात चर्चा होणार होती. आडनाव ऐकताच "खोली कालच दिली" असे उत्तर आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे! विलायतेत आडनाव विचारण्याचेही कष्ट नव्हते, चेहरा पाहूनच दार लागे. ते दार लावण्याचा हक्क जाऊ नये, म्हणून ही रक्ताची नदी होती.

भाषणात त्यांनी एका वृद्ध गोऱ्या बाईची कहाणी सांगितली. गल्लीत ती एकटीच गोरी उरली, काळ्यांना खोल्या देत नाही म्हणून तिला त्रास होतो, अशी. वार्ताहरांनी गावाच्या गल्ल्या धुंडाळल्या, पण ती बाई त्यांना सापडली नाही. लोकांना मात्र ती पुरेशी खरी वाटली.

दुसऱ्याच दिवशी पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी पॉवेल यांना आपल्या नेतेमंडळातून काढून टाकले. 'टाइम्स'सारख्या पत्राने त्या भाषणाला दुष्ट म्हटले. आता हा माणूस संपला, असे शहाण्यांना वाटले असेल. झाले उलटेच. पॉवेल यांच्या नावे लाखाहून अधिक पत्रे आली, आणि बहुतेक सारी शाबासकीची. गॅलपच्या पाहणीत १०० पैकी ७४ लोकांनी पॉवेल यांचे म्हणणे पटते असे सांगितले. न पटणारे केवळ १५ होते.

आम्ही आयुष्य आवक-जावक बारनिशीत काढले आहे. टपालाचे पोते टेबलावर रिकामे झाले की काय होते, ते आम्हाला ठाऊक आहे. लाख पत्रे म्हणजे लाख घरे. कुणीतरी जेवण उरकून, दिवा लावून, कागद शोधून ते लिहायला बसले. ही सारी माणसे राक्षस होती का? तसे म्हणून मोकळे होता येत नाही. आपल्या मनात जे होते पण बोलण्याची लाज वाटत होती, ते एका विद्वानाने शुद्ध भाषेत बोलून दाखविले, म्हणून त्यांना आनंद झाला. लाज गेल्याचा तो आनंद होता.

"आणि तात्या, २३ एप्रिलला लंडनच्या सुमारे हजार गोदी कामगारांनी काम टाकले आणि पॉवेल यांच्यासाठी पार्लमेंटवर मोर्चा नेला. पाठोपाठ मांसबाजाराचे हमाल निघाले."

तात्यांचा चहाचा कप हातातच राहिला. "गोदीवाले? आमच्यासारखे?"

होय, गोदीवाले. गंमत पाहा. पॉवेल हे खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते, कामगार संघटनांचे कैवारी ते कधीच नव्हते. गोदी कामगार तर मजूर पक्षाचे मतदार. शिवाय गोदीतील काम बापाकडून मुलाकडे जाई, बाहेरून आलेला काळा माणूस तिथे अभावानेच दिसे. म्हणजे त्यांची नोकरी कोणी काळ्याने घेतली नव्हती. भीती मात्र खरी होती, कारण गोद्या बंद पडू लागल्या होत्या. ईस्ट इंडिया गोदी १९६७ साली बंद झाली, सेंट कॅथरीन गोदी १९६८ साली. पुढे एकेक करून शहरातील साऱ्या गोद्यांना टाळे लागले.

"कंटेनर," तात्या म्हणाले. "आमच्या टोळ्या त्यानेच मोडल्या."

तात्यांनी एका शब्दात सांगितले, ते त्या हजारांना कोणी सांगितले नाही. माल पेटीत भरून यंत्राने उचलला जाऊ लागला, मालकांचा पैसा दुसऱ्या बंदरांकडे गेला. मोर्चा मात्र निघाला रात्रपाळी करणाऱ्या नर्सच्या आणि बस चालविणाऱ्या शिखाच्या विरोधात. पुढाऱ्याने कामगाराला काय दिले? काम दिले नाही, घर दिले नाही. बोट दाखविण्यासाठी एक शेजारी दिला.

आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८-२९च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. एकीच्या घोषणा देणाऱ्याने आधी आपल्या खात्याचे दार उघडावे, हा त्याचा अर्थ. लंडनच्या गोदीलाही तोच प्रश्न लागू होता.

पण कथा इथे संपत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो कायदा झाला. जानेवारी १९६९ मध्ये काळ्या आणि आशियाई माणसांनी लंडनमध्ये आपला मोर्चा काढला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या शीख बसवाल्यांना पगडी-दाढीसह काम करू देत नव्हते. दोन वर्षे झगडून एप्रिल १९६९ मध्ये त्यांनी तो हक्क मिळविला.

आणि आमच्या मनात घर करून बसली आहे ती ग्रनविकची हकीकत. वायव्य लंडनमधील हा फोटो धुण्याचा कारखाना. रिळे पोस्टाने येत, फोटो पोस्टानेच परत जात. १९७६ साली तिथल्या कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य आशियाई बायका होत्या, आणि पुढे होत्या जयाबेन देसाई, मूळच्या गुजरातच्या. त्या भागातील टपाल कामगारांनी या कारखान्याच्या टपालाला हात लावण्याचे नाकारले. १९७७ साली कारखान्याच्या दाराशी हजारोंचा जमाव उभा राहिला, त्यात लंडनच्या गोदी कामगारांचाही फलक होता. नऊ वर्षांपूर्वी ज्या गोद्यांतून पॉवेल यांच्यासाठी मोर्चा निघाला, त्याच गोद्यांचा! १९७८ साली तो संप हरला, हेही सांगितले पाहिजे. पण माणसे बदलतात, हे त्या फलकाने दाखविले.

पॉवेल १९७४ साली हुजूर पक्ष सोडून गेले, पुढे उत्तर आयर्लंडमधून निवडून आले, १९८७ साली पडले आणि ८ फेब्रुवारी १९९८ रोजी वारले. मंत्रिपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. नाव मात्र मरत नाही. २०१८ साली, पन्नास वर्षे झाली म्हणून, बीबीसीने ते सारे भाषण नटाच्या आवाजात रेडिओवर ऐकविले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये त्यांच्या नावाची स्मृतिपाटी लावावी का, यावर त्याच वर्षी वाद झाला. मे २०२५ मध्ये मजूर पक्षाचेच पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी देश अनोळखी लोकांचे बेट होईल असा इशारा दिला, तेव्हा अनेकांना पॉवेल आठवले. पुढच्या महिन्यात स्टार्मर यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. घरभाडे वाढले, दवाखान्यात रांग वाढली, काम गेले, की ते जुने पोते पुन्हा कोणीतरी उघडतो.

तात्यांची मुलगी दारात उभी राहून सारे ऐकत होती. तिने विचारले, "काका, आता तिथे तसे नाही ना?"

"काही नाही" असे आम्ही म्हणालो नाही. खोटा धीर देऊन लेकराला परदेशी पाठवू नये. आम्ही तिला आणखी एक गोष्ट सांगितली. पॉवेल ज्या वुल्व्हरहॅम्प्टन नैर्ऋत्य मतदारसंघातून निवडून येत, तिथूनच २०१७ साली एलिनॉर स्मिथ पार्लमेंटात गेल्या. त्या काळ्या वर्णाच्या, आणि त्याआधी कित्येक वर्षे नर्स.

मुलगी हसली. तात्या उठता उठता तिला म्हणाले, "पहिल्या पगारातून युनियनची वर्गणी भर. मग घरी पैसे पाठव."

याहून चांगली शिदोरी आमच्याजवळ नव्हती. जयभीम!