‘आय गोड टू स्कूल’ ही चूक गोडच आहे!



गेल्या वर्षी आमची चौथीची सहल दौलताबादच्या किल्ल्यावर गेली होती. दुसऱ्या दिवशी मी मुलांना सहलीवर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायला सांगितली. एका मुलीने लिहिलं, ‘वी गोड टू दौलताबाद. वी सीड मेंढा तोप. आय डिड नॉट वेंट इन अंधारी.’ ‘गो’ला ‘ईडी’ जोडून तिने ‘गोड’ केलं आणि ‘सी’ला ‘ईडी’ जोडून ‘सीड’.

मी काय केलं? लाल पेनाने तीन गोल. शेजारी ‘टेन्स पाठ कर’ असा शेरा. झालं माझं काम!

त्यानंतर दोन आठवडे ती मुलगी इंग्रजीच्या तासाला वहीत फक्त फळ्यावरचं उतरवून घ्यायची. स्वतःचं एक वाक्य लिहीना. विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, ‘मॅडम, मराठीत लिहू का?’

पालक सभेला तिचे वडील आले. वाळूजच्या एका कंपनीत कामाला आहेत. वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, ‘मॅडम, पोरगी चौथीत गेली अन् अजून हिला ‘वेंट’ लिहिता येईना. शेजारचं पोरगं फाडफाड बोलतंय. उचल घेतो, पण हिला पुढच्या वर्षी इंग्लिश मीडियमला टाकतो.’

माझ्या तीन लाल गोलांची किंमत एका घराला कर्जाने चुकवावी लागणार होती. तेव्हापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आज त्याबद्दलच लिहिते आहे.

‘करलं’ आणि ‘गोड’

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना म्हणायचा, ‘आजी, मी करलं.’ सासूबाई कधी रागावल्या नाहीत. ‘हो का? केलं का माझ्या सोन्यानं!’ एवढंच म्हणायच्या. काही महिन्यांत तो आपोआप ‘केलं’ म्हणायला लागला.

आता बघा, ‘करलं’ हा शब्द त्याला कोणी शिकवला होता? कोणीच नाही. बस-बसला, उठ-उठला, हस-हसला हे ऐकून त्याने स्वतः नियम शोधला आणि ‘कर’ला लावला. आमच्या चौथीतल्या मुलीनेही तेच केलं. प्ले-प्लेड, वॉक-वॉक्ड, म्हणून गो-गोड. तिला ‘ईडी’चा नियम समजला होता! आणि मी त्याच्यावर लाल गोल ओढला.

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे ती मुलंसुद्धा लहानपणी ‘गोड’ म्हणतात. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन अभ्यासिकेने साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून बनावट शब्द सांगितले. मुलांनी ते शब्द आधी कधीच ऐकलेले नव्हते, तरी अनेक मुलांनी त्यांची अनेकवचनं आणि भूतकाळाची रूपं नियमाप्रमाणे तयार केली. म्हणजे मूल नुसतं ऐकलेलं परत म्हणत नाही, ते नियम काढतं.

मग ‘गो’चं ‘वेंट’ का होतं? ‘वेंट’ मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच जुन्या क्रियापदाचं रूप. ‘गो’ने ते उसनं घेतलं. गंमत म्हणजे आपल्या मराठीतही तेच झालंय. ‘जाणे’ हे संस्कृतमधल्या ‘या’ धातूवरून आलं आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. ‘जा’चं ‘जाला’ का होत नाही, असं आपण कधी विचारत नाही, कारण ‘गेला’ हजार वेळा ऐकलेलं असतं. रोज वापरले जाणारे शब्दच जुनी, वाकडी रूपं टिकवून धरतात. मराठीत ये-आला, हो-झाला, दे-दिला. इंग्रजीत कम-केम, सी-सॉ, गिव्ह-गेव्ह.

अशा चुकीवर उपाय सासूबाईंचाच. मूल ‘आय गोड’ म्हणालं की आपण म्हणायचं, ‘ओह, यू वेंट? व्हेअर डिड यू गो?’ बरोबर रूप त्याच्या कानावर पडू द्यायचं, पुन्हा पुन्हा.

‘डिड नॉट वेंट’चा उगम मराठीत

दुसरी चूक मात्र वेगळी आहे. ती नुसतं ऐकून लवकर जात नाही, समजावून सांगावी लागते. त्यासाठी ती कुठून येते हे आधी शिक्षकाला माहीत हवं.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी गेले.’ नकार द्यायचा तर ‘मी गेले नाही.’ प्रश्न विचारायचा तर ‘तू गेलीस का?’ तिन्ही ठिकाणी भूतकाळ क्रियापदावरच बसलेला आहे. आपल्या शहरातली बरीच मुलं हिंदी-उर्दूही ऐकतात, तिथेही ‘मैं गई’ आणि ‘मैं नहीं गई’. मग पोरीने ‘आय डिड नॉट वेंट’ लिहिलं तर नवल काय? इंग्रजी शब्दांत तिने आपल्या घरची पद्धत वापरली.

इंग्रजीत नकार आणि प्रश्न करताना ‘डिड’ येतो आणि भूतकाळ स्वतःकडे घेतो. क्रियापद मोकळं होतं, मूळ रूपात परत जातं. वर्गात मी यासाठी कागदाची एक टोपी केली आहे. तिच्यावर लिहिलंय ‘भूतकाळ’. एक मूल ‘गो’ होतं. टोपी घातली की ते ओरडतं ‘वेंट!’ मग ‘डिड’ येतो आणि ती टोपी स्वतःच्या डोक्यावर घेतो. टोपी गेली की मूल पुन्हा ‘गो’. नियम एकच: वाक्यात टोपी एक. ‘डिड नॉट वेंट’ म्हटलं की पोरंच ओरडतात, ‘मॅडम, दोन टोप्या!’

अशा आणखी काही चुकांची मुळं मराठीत सापडतात:

- ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला माहीत आहे’ यातला ‘आहे’ मुलांच्या मनात बसलेला असतो. म्हणून ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय अ‍ॅम नोइंग’.
- ‘मी तो सिनेमा काल पाहिला आहे’ हे मराठीत चालतं. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आलं की ‘हॅव सीन’ चालत नाही, ‘सॉ’च हवं.
- ‘मला भूक लागली’ यात रूप भूतकाळाचं, पण भूक आत्ताची. इंग्रजीत तिथे ‘आय अ‍ॅम हंग्री’. आई हाक मारते तेव्हा आपण जागचे न हलता ‘आले, आले!’ म्हणतो, तेही तसंच. क्रियापदाचं रूप आणि खरी वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना या एका उदाहरणाने पटकन कळतं.

बारा काळांचा तक्ता

डीएडला असताना पाठ टाचणाबरोबर आम्ही बारा काळांचा तक्ता पुठ्ठ्यावर मोठ्या हौसेने रंगवायचो. आजही अनेक वर्गांत तो टांगलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे की प्राथमिकच्या मुलांसमोर हा तक्ता नको. ‘आय शॅल हॅव बीन गोइंग’ हे वाक्य आपण मोठ्यांनी तरी शेवटचं कधी वापरलं, आठवून बघा. पाचवीपर्यंत रोजची सवय, आत्ता चालू असलेलं काम, काल घडलेलं आणि उद्या करायचं, एवढी चार कामं मुलाला नीट करता आली तरी खूप झालं.

काही जण म्हणतील, मग परीक्षेचं काय? आणि चुका चालवून घ्यायच्या का? नाही. चूक दुरुस्त झालीच पाहिजे. पण एका वेळी एकच, आणि तिचं कारण सांगून. ज्या आठवड्यात ‘डिड’ शिकवते, त्या आठवड्यात मी फक्त ‘डिड’च तपासते. लाल गोलाऐवजी समासात छोटी टोपी काढते. मूल स्वतः चूक शोधतं.

आमची पिढी पाचवीपासून इंग्रजी शिकली. 2000 सालापासून राज्यात मराठी शाळांमध्ये ते पहिलीपासून आलं. वर्षं वाढली, पण मराठीचा हात धरून शिकवण्याची सवय मात्र आपण सोडली. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवूनच इंग्रजी शिकलं होतं.

पालकांना एक सांगते. ‘गो’ची एकूण रूपं मोजा: गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. फक्त पाच. आता ‘जाणे’ची मोजा: जातो, जाते, जातोस, जातेस, जातात, गेलो, गेलास, गेली, गेल्या, जाईन, जाशील, जातील... दमून जाल! तुमचं मूल शाळेत येण्याआधीच हे सगळं बिनचूक वापरतं. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यात त्याची गफलत होत नाही. ज्याला एवढं जमतं, त्याला पाच रूपं जमणार नाहीत का? घरी इंग्रजी येत नसेल तरी हरकत नाही. रोज रात्री मुलाला विचारा, ‘आज काय केलंस ते इंग्रजीत सांग.’ आणि हसू नका. एवढंच.

त्या मुलीच्या वडिलांना मी हेच सांगितलं. वहीवरचा माझा शेरा चुकला, हेही सांगितलं. मुलगी आमच्याच शाळेत आहे. परवा तिने लिहिलं, ‘आय डिड नॉट सॉ द मूव्ही.’ मग थांबली, ‘सॉ’वर काट मारली आणि वर ‘सी’ लिहिलं. मी काहीच बोलले नव्हते.