धर्म बदलला, तरी रक्त बाटलेलेच?

मुसलमान हा धर्म आहे, वंश नव्हे. मग मुसलमानांच्या द्वेषाला वंशवाद कसे म्हणता, असा सवाल आमचे काही वकीलमित्र बाररूममध्ये चहा घेता घेता करतात. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. धर्म सोडता येतो, वंश सोडता येत नाही. पण राज्यकर्त्यांनी हा भेद कधी पाळला काय?

स्पेनचे उदाहरण घ्या. १४९२ साली ग्रॅनडा पडले. तहात मुसलमानांना धर्मपालनाचे वचन दिले होते. दहा वर्षांतच कॅस्टिलमध्ये फर्मान निघाले : बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. बहुसंख्य लोक ख्रिस्ती झाले. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. उलट त्यांना 'मोरिस्को' हे वेगळे नाव चिकटले. १५६७ मध्ये त्यांची अरबी भाषा, पोशाख, इतकेच काय, हमामसुद्धा बंद केले गेले. आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर हाकलले. तीन-चार पिढ्या चर्चमध्ये जाणारी ही माणसे होती! व्हॅलेन्सियात तर अनेक लहान मुले आईबापांपासून तोडून मागे ठेवून घेतली.

याची पायाभरणी १४४९ साली टोलेडो नगरात झाली होती. ज्यू पूर्वज असलेल्या ख्रिस्त्यांना तिथे अधिकारपदे बंद झाली. पुढे 'रक्तशुद्धी'चा हा नियम मुसलमान पूर्वज असलेल्यांनाही लागला. पद हवे असेल तर आज्या-पणज्यांची वंशावळ तपासून घ्या! याच इबेरियातल्या पोर्तुगीजांनी आपला 'कास्ता' हा शब्द आमच्या जातींना लावला आणि त्यातून इंग्रजीतला 'कास्ट' निघाला. रक्ताची प्रतवारी त्यांना काही नवी नव्हती.

अमेरिकेने हेच काम कायद्याच्या भाषेत केले. १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्या केवळ 'गोऱ्या' माणसालाच नागरिकत्व मिळे. १९१५ मध्ये एका सीरियन ख्रिस्त्याला वरिष्ठ न्यायालयाने गोरा ठरवले. १९४२ मध्ये मिशिगनच्या न्यायाधीशांनी येमेनी मुसलमान अहमद हसन याचा अर्ज फेटाळला. कारणांत कातडीचा रंग होता आणि धर्मही होता. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने एका अरब मुसलमानाला गोरा म्हटले. दोन वर्षांत अरबांची कातडी बदलली काय? ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी अॅरिझोनात एका शीख पेट्रोलपंपचालकाला गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्याने दाढी आणि पगडी पाहिली. धर्म विचारला नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत. जातीला वंशाचा आधार नाही, तरी जात जन्माला चिकटते. मुस्लिम समाजातील दोषांवरही बाबासाहेबांनी सडेतोड लिहिले. ती टीका आम्हाला मान्य आहे, कारण ती रूढींवर आणि विचारांवर आहे. सुधारणाऱ्याला तिथे वाट मोकळी आहे. मोरिस्कोला वाट नव्हती. बुद्धाला शरण जाऊनही ज्यांना गावात जुन्याच जातीने हाक मारली गेली, त्या आम्हाला हे कोणी समजावून सांगायला नको.

आमच्या देशातही दाढी, टोपी, बुरखा पाहून संशय घेतला जातो, भाड्याने घर नाकारले जाते, याची नोंद सच्चर समितीने २००६ साली केली. इथे मुसलमान म्हणजे सगळे एकच. पण १९५० च्या राष्ट्रपती आदेशासमोर मैला उपसणारा हलालखोर मुसलमान उभा राहिला की त्याला सांगितले जाते, तुझ्या धर्मात जात नाही, तू अनुसूचित जातीत बसत नाहीस. याच आदेशात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. हलालखोर आजही बाहेरच आहे.