सगळ्यांनी कॉमन रूममध्ये जमा!

सिनेमातल्या डिटेक्टिव्हला एक गोष्ट कधीच करावी लागत नाही. ती म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच लोकांबरोबर मेसमध्ये जेवायला बसणं. त्याने बोट दाखवलं, "खुनी हाच!" म्हटलं, की पाट्या पडायला लागतात आणि आपण पार्किंगमध्ये गाडी शोधायला पळतो. त्याचं चुकलं असेल तर काय, हा प्रश्न कुणाला पडत नाही. कारण त्याचं चुकत नाही. लेखकानेच तशी सोय करून ठेवलेली असते.

मला हा प्रश्न पडलाय. का पडलाय ते सांगतोच, पण आधी थोडं डिटेक्टिव्ह लोकांबद्दल. हा माझा जुना आजार आहे आणि तो आमच्या घरातून आलाय.

आमचं घर नौपाड्यात. आता तिथे टॉवर आहे, पण आबा (म्हणजे माझे आजोबा) अजून जुन्या चाळीच्या हिशोबानेच पत्ता सांगतात आणि रिक्षावाला गोंधळतो. आबा अर्नाळकरवाले. म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचे कट्टर वाचक. धनंजय, झुंझार, काळापहाड ही नावं ते अशी घेतात की वाटावं शेजारच्या खोलीत राहायला होते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. तिथून घरात जी पुस्तकं यायची ती कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन वगैरे सभ्य वाङ्मय. अर्नाळकर यायचे ते गल्लीतल्या भाड्याच्या लायब्ररीतून. आबांनी ते बीजगणिताच्या पुस्तकात घालून वाचले आणि बीजगणितात नापास झाले. याचा त्यांना आजही पश्चात्ताप नाही!

अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. हजार! आपल्याला सेमिस्टरला आठ असाइनमेंट लिहिताना हात दुखतो. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, अमर विश्वास ही मंडळी आपल्या बाबा लोकांच्या पिढीने फडशा पाडल्यासारखी वाचली. म्हणजे कागदावर मराठी डिटेक्टिव्हांची अख्खी पलटण उभी आहे. आणि मोठ्या पडद्यावर? माझ्या पिढीने थिएटरात जाऊन पाहिलेला, पुस्तकातून उठून आलेला मराठी डिटेक्टिव्ह एकच. फास्टर फेणे. तोसुद्धा मूळचा शाळकरी पोरगा.

शिरवळकरांचं काय झालं बघा. २०१३ साली त्यांची 'दुनियादारी' पडद्यावर आली आणि अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. आपल्या हॉस्टेलवर ती दर फ्रेशर्सला लागते. पण आला तो कॉलेजचा कट्टा. त्यांचे डिटेक्टिव्ह राहिले रद्दीच्या दुकानात.

असं का? माझं मत सांगतो, पटलं नाही तर रूमवर येऊन भांडा. बंगाल्यांकडे ब्योमकेश बक्षी लिहिला शरदिंदु बंद्योपाध्यायांनी, फेलूदा लिहिला सत्यजित राय यांनी. हे तिथले मानाचे लेखक. त्यांचा डिटेक्टिव्ह घरात पुढच्या दाराने आला. बापाने वाचून पोराच्या हातात दिला. आपल्याकडे तो बीजगणिताच्या पुस्तकात लपून आला. जी गोष्ट आपण लपवून वाचतो तिच्यावर सिनेमा काढायला पैसे लावणार कोण? भा. रा. भागवतांचं तसं नव्हतं. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'बालमित्र' नावाचं मासिक चालवलं. त्यांचं पुस्तक आई स्वतः वाढदिवसाला द्यायची. म्हणून फाफे आधी दूरदर्शनवर आला (तेव्हा सुमीत राघवन फेणे झाला होता) आणि मग २०१७ मध्ये अमेय वाघच्या रूपाने थिएटरात. धनंजय बिचारा उशीखालीच राहिला.

'फास्टर फेणे' लागला तेव्हा मी सातवीत होतो. आबांना घेऊन ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्सला गेलो. आबांच्या मते सिनेमा म्हणजे मल्हार टॉकीज, बाकी सगळी मंगल कार्यालयं. सिनेमा आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा. बनेश फेणे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो. तिथे ओळख झालेला एक मुलगा मरतो. सगळे म्हणतात आत्महत्या, आणि याला ते पटत नाही. मग परीक्षेतल्या गैरव्यवहाराचं मोठं जाळं उघडं पडतं. दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत झालेत. गिरीश कुलकर्णीचा आप्पा तर असा, की आपला परीक्षेचा फॉर्म नीट भरलाय ना हे घरी जाऊन तपासावंसं वाटावं. मी भारावून बाहेर आलो. आबा पॉपकॉर्नचा पुडा हातात धरून एवढंच म्हणाले, "पोरगं चांगलंय रे. पण पळतं फार. विचार कधी करतं?"

तेव्हा मला राग आला होता. त्याचं नावच फास्टर आहे, पळणार नाही तर काय करणार! पण आबांचा मुद्दा खोटा नाही. आणि तो एकट्या फेणेचा दोषही नाही. विचार करणारा माणूस पडद्यावर दाखवायचा कसा? पुस्तकात डिटेक्टिव्ह आरामखुर्चीत बसून चार पानं विचार करू शकतो. सिनेमात चार मिनिटं नुसता बसलेला माणूस दाखवा, मागच्या रांगेतून शिट्ट्या येतील. म्हणून त्याला पळवतात, मारामारी करायला लावतात. २००९ च्या सिनेमात रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा शेरलॉक होम्स गुद्दे घालायच्या आधी मनात गुद्द्यांचाच हिशोब करतो. म्हणजे विचारसुद्धा मारामारीचा! (मला आवडला होता. कबूल.)

हिचकॉकला तर 'खून कुणी केला' हा प्रकारच आवडत नसे. त्याचं म्हणणं, टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा आणि मग टेबलावर गप्पा मारणारी माणसं दाखवा. एक धक्का देण्यापेक्षा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागू दे. रायांनी १९७४ च्या 'सोनार केल्ला'त हेच केलं. बदमाश कोण हे आपल्याला बरंच आधी कळतं, आणि मग फेलूदाला कधी कळणार म्हणून आपण खुर्चीच्या टोकाला.

पण बाकीच्या बहुतेकांना शेवटी तो एक सीन हवाच असतो. सगळ्यांना एका जागी गोळा करायचं, डिटेक्टिव्हने फेऱ्या मारायच्या, एकेकाच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि मग बोट! २०१७ मध्येच आलेल्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'मध्ये केनेथ ब्रानाने सगळ्या संशयितांना बोगद्याच्या तोंडाशी लांबलचक टेबलामागे ओळीने बसवलंय. सीन असा देखणा की लॅपटॉपवर आम्ही तो तीनदा मागे घेऊन पाहिला. शेवट सांगत नाही, पुस्तक १९३४ चं असलं तरी.

आता मूळ मुद्दा. हा सिनेमा आम्ही गेल्या वर्षी एका शनिवारी रात्री आमच्या विंगमध्ये पाहिला. रविवारी दुपारी माझ्या रूममेटचं पाकीट गायब. पाकीट म्हणजे कागदाचं, आत परीक्षा फीचे ३,८०० रुपये. गादी उलटली, कपाट उपसलं, नाही. रेक्टरांकडे जायचं की नाही यावर चर्चा चालू होती, तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. सगळ्यांना कॉमन रूममध्ये जमा करा."

आले सगळे. सव्वीस जण होते. आणि मेसचा पोरगा, जो रविवारी विंगमध्ये डबे पोचवायला यायचा. सतरा-अठरा वर्षांचा असेल. मी फेऱ्या मारल्या. खोटं कशाला सांगू, मजा येत होती. माझ्याकडे तीन 'पुरावे' होते. तो सकाळी आमच्या मजल्यावर होता. आमच्या दारापाशी ओल्या पावलांचे ठसे होते. आणि त्याच्या पायात नवे बूट होते. हे मी ओळीने, मध्ये थांबत थांबत, आवाज खाली आणत सांगितलं. आणि बोट केलं.

तो काहीच बोलला नाही. मीही तेच गृहीत धरलं जे सिनेमात धरतात. गप्प बसला म्हणजे गुन्हेगार.

मेसच्या काकांनी त्याला चार दिवस घरी जा म्हणून सांगितलं. काकांचा विश्वास नव्हता बसला, पण सव्वीस पोरांपुढे ते तरी काय करणार. तो गेला.

नवव्या दिवशी लॅब असिस्टंट सरांनी तपासलेल्या जर्नल्सचा गठ्ठा परत दिला. माझ्या रूममेटच्या जर्नलमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या प्रयोगाच्या मध्ये, ते पाकीट होतं. ३,८०० रुपये, जसेच्या तसे. शनिवारी सबमिशनच्या घाईत त्याने पाकीट जर्नलमध्ये घातलं आणि जर्नल देऊन टाकलं. नऊ दिवस ते डिपार्टमेंटच्या कपाटात कुलूपबंद होतं. हॉस्टेलमधल्या कुठल्याही जागेपेक्षा सुरक्षित!

तीन पुरावे मांडणाऱ्या मला एक साधा प्रश्न सुचला नव्हता. "शेवटचं कधी पाहिलंस, आणि त्यानंतर तू काय काय केलंस?" बस. हा प्रश्न कुठल्याही पोलीस चौकीतला हवालदार पहिल्यांदा विचारतो. पण त्या प्रश्नाला फेऱ्या माराव्या लागत नाहीत ना.

खऱ्या तपासात दिसण्यासारखं फारसं काही नसतंच बहुतेक. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी १९८६ मध्ये चार्ल्स शोभराजला गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात पकडलं. तो गोष्टीतला नाही, खराखुरा गुन्हेगार. त्याच्यावर २०२५ मध्ये 'इन्स्पेक्टर झेंडे' आला, मनोज वाजपेयीचा. सिनेमा धमाल आहे. पण तो प्रसंग वाचताना माझ्या डोक्यात राहिलं ते हे, की माणसं तिथे जाऊन बसली आणि वाट बघत राहिली. नुसती बसून.

त्या जर्नलनंतर मी माझे सगळे आवडते सिनेमे पुन्हा पाहिले. या वेळी शोधत होतो ते वेगळंच. डिटेक्टिव्हचं चुकतं का, आणि चुकल्यावर तो काय करतो? दिबाकर बॅनर्जीच्या ब्योमकेशमध्ये (२०१५) सुशांतसिंग राजपूत सुरुवातीलाच अजितच्या बेपत्ता वडिलांबद्दल थंडपणे तर्क लढवतो, समोर त्यांचा मुलगा बसलाय हे विसरून. आणि थप्पड खातो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्या थपडेला हसलो होतो. रायांच्या 'जय बाबा फेलूनाथ'मध्ये मगनलाल मेघराज फेलूदाच्या डोळ्यांदेखत त्याच्या म्हाताऱ्या लेखक मित्राला फळीपुढे उभं करून सुरे फेकायला लावतो आणि फेलूदा काही करू शकत नाही. सौमित्र चटर्जींचा तो चेहरा बघा. एवढा हुशार माणूस, आणि शरमेने गप्प. होम्सचंही चुकतं. 'द यलो फेस' नावाच्या कथेत तो साफ आपटतो आणि वॉटसनला सांगतो, पुन्हा कधी मला गर्व झाला तर या गावाचं नाव माझ्या कानात सांग. कथा १८९३ ची, आमच्या ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाच्या वयाची. गुद्दे घालणाऱ्या होम्सच्या सिनेमात मात्र ती नाही. चुकलेल्या डिटेक्टिव्हचं पोस्टर काय छापणार?

कुणी मराठीत धनंजयवर सिनेमा काढणार असेल तर माझं पहिलं तिकीट, आणि आबांचं दुसरं. जुनी मुंबई दाखवा, ट्राम दाखवा, मोटारींचा पाठलाग दाखवा. पण मधे कुठेतरी त्याचं चुकू द्या. ज्याच्यावर बोट केलं तो माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटू द्या, आणि कॅमेरा तिथेच थांबू द्या.

तो पोरगा परत आला नाही. काकांकडून नंबर घेऊन मी फोन केला. गावाकडे कुणाच्या तरी टेम्पोवर जातोय म्हणाला. मी सॉरी म्हटलं, पाकीट कसं सापडलं ते सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं दादा, सापडलं ते." मग थोडा थांबला आणि म्हणाला, "बाकीच्यांना सांगितलंत ना?"

मी हो म्हणालो. खरं म्हणजे पाच-सहा जणांनाच सांगितलं होतं, जेवताना, हसत हसत. बाकीचे वीस जण आता थर्ड इयर आणि फायनल इयरला आहेत आणि हे मासिक प्रत्येक रूममध्ये जातं. त्याचं नाव इथे छापत नाही. त्या दिवशी कॉमन रूममध्ये मी ते दोनदा घेतलं होतं, तुम्हाला आठवत असेल. त्याने पैसे घेतले नव्हते. बूट त्याच्या बहिणीने घेऊन दिले होते.