रुसलेली मोटार : आधीं निदान, मग उपचार

घरांतील जुनी मोटार सकाळच्या घाईंतच नेमकी रुसते, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. दहादां स्टार्टर फिरवावा तेव्हां इंजिन कसेंबसें जागें होतें, आणि चौकांत थांबतांच गचके देत बंद पडतें. आमच्या घरच्या, 1985 सालच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीची गेल्या श्रावणांत हीच गत झाली. मिस्त्रीनें बॉनेट उघडतांच सांगितलें, “इंजिन उतरवावें लागेल.” खर्चाचा आंकडा ऐकून दादांनीं गाडी भंगारांत देण्याचा विषय काढला. मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत. परंतु गाडी वडिलांनीं हौसेनें घेतलेली, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. आठ दिवसांची मुदत मागून घेऊन आम्ही स्वतःच निदानास बसलों.

इंजिनास मुख्यतः तीन गोष्टी लागतात : वेळेवर पडणारी ठिणगी, हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, आणि सिलिंडरांत पुरेसा दाब. मिश्रणांत एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें पावणेपंधरा भाग हवा लागते. इंजिन थंड असतां पेट्रोल अधिक हवें, म्हणूनच चोक ओढावयाचा. मंद चालीवर हवेचा पडदा जवळजवळ मिटलेला असतो. अशा वेळीं एखाद्या बारीक फटींतून शिरणारी चोरटी हवाही मिश्रण बिघडविते. वेग वाढला कीं तीच फट नगण्य ठरते. म्हणून गचके केवळ मंद चालीवर असतील, तर चोरट्या हवेचा किंवा तुंबलेल्या जेटचा संशय घ्यावा. चढावर ते वाढत असतील, तर ठिणगी व पेट्रोलचा पुरवठा तपासावा.

तपासणी स्वस्तांतून महागाकडे न्यावी. प्रथम आम्हीं बॅटरीचीं टोकें घासून घट्ट केलीं. मग प्लग काढले. प्लगवर कोरडी काजळी असल्यास पेट्रोल जास्त, तेलकट काळेपणा असल्यास सिलिंडरांत तेल, आणि पांढुरकी छटा असल्यास बहुधा हवा जास्त. आमचे चारही प्लग पांढुरके निघाले! पॉइंटमधील अंतर पुस्तिकेप्रमाणें जुळविलें. अंधारांत तारांवरून ठिणगी निसटते कीं काय, तेंही पाहिलें. गुण आला नाहीं. शेवटीं गाडी जागेवर उभी ठेवून एकेक रबरी व्हॅक्यूम नळी क्षणभर चिमटून पाहिली. ब्रेकला साहाय्य करणाऱ्या डब्याकडे जाणारी नळी इंजिनाजवळ दाबतांच थरथर थांबली. डब्याकडच्या टोकाशीं ती चिरली होती. ती तशीच निसटली असती, तर भर रस्त्यांत ब्रेक एकाएकी जड झाले असते. नवी नळी किरकोळ किमतींत मिळाली.

त्याच वेळीं पेट्रोलच्या नळ्याही तपासल्या, तों त्या पिचपिचीत झालेल्या आढळल्या. 2025 सालापासून पंपांवर सर्रास 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आहे, आणि जुनें रबर त्यास टिकेलच असें नाहीं. पेट्रोल गळून तापलेल्या इंजिनावर पडलें तर आग लागावयाची. अशा पेट्रोलास टिकणाऱ्या नळ्या जुन्या गाडीस अवश्य बसवाव्या.

वाचकांस दोन सूचना. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालवूं नये. धुरांतील विषारी वायूला वास नसतो. तसेंच आरंभींच कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळूं नये. त्यानें दोष झांकला जातो, जात नाहीं. एका वेळीं एकच बदल करावा व वहींत टिपून ठेवावा. हें सर्व करूनही गुण न आल्यास मापकानें सिलिंडरांतील दाब पाहावा. तो खरोखरच उतरला असेल, तर मिस्त्रीचें म्हणणें मुकाट्यानें ऐकावें.

आमची गाडी आतां एका हाकेंत जागी होते. दादांनीं भंगाराचा विषय पुन्हां काढलेला नाहीं.