विधेयके : घाईची आणि खोळंब्याची

अधिवेशनाचा शेवटचा आठवडा उजाडला की विधिमंडळाच्या कामकाजाला एकाएकी वेग येतो. आधीचे दिवस सभात्याग, घोषणा, विधानभवनाच्या पायऱ्यांवरील निदर्शने आणि कॅमेऱ्यांसमोरील वक्तव्ये यांत गेलेले असतात. मग पुरवणी मागण्या मार्गी लागतात, विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव येतो आणि कार्यक्रमपत्रिकेवर विधेयकांची रांग लागते. मंत्रिमहोदय विधेयक मांडतात, एक-दोन सदस्य बोलतात, पीठासनावरून खंड वाचले जातात, होकाराचा आवाज उठतो आणि विधेयक मंजूर होते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत मंजूर विधेयकांचा आकडा छापून येतो. त्या विधेयकांत होते काय, हे मात्र सामान्य नागरिकाला कळते ते कायदा त्याच्या दाराशी येऊन उभा राहतो तेव्हाच.

विधिमंडळाला विधिमंडळ म्हणतात ते विधी, म्हणजे कायदे, घडविण्याचे स्थान म्हणून. प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना, औचित्याचे मुद्दे ही सारी संसदीय आयुधे मोलाचीच आहेत. परंतु सभागृहाचा मूळ धर्म कायदा करण्याचा आहे. आणि नेमके हेच काम सर्वांत कमी वेळात उरकले जात असेल, तर त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार करायला हवा.

अधिवेशनांचा काळही आखडत चालला आहे. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरविण्याचे विदर्भाला दिलेले आश्वासन पाळले जाते खरे. पण २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले आणि २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर असे सात दिवसांत. २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद यांनी सहा-सात दिवसांत विदर्भाचे प्रश्नही मांडावेत, पुरवणी मागण्याही संमत कराव्यात आणि विधेयकांचा खंडशः विचारही करावा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. जे घडते ते मग अपरिहार्य ठरते. विधेयक वाचले जात नाही. ते केवळ संमत होते.

घाईचे मोल

घाईने केलेला कायदा किती महाग पडतो, याचे ठळक उदाहरण डान्सबार बंदीचे आहे. २००५ साली तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ही बंदी आणली तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी, विशेषतः मातृशक्तीने, तिचे मनापासून स्वागत केले. हेतूविषयी दुमत नव्हते. पण कायद्याच्या मजकुरात एक भगदाड राहून गेले. परवाना कक्ष आणि बिअर बार यांतील नृत्यावर बंदी घालताना तारांकित हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना सूट देण्यात आली. गरिबाच्या वस्तीत जे अनैतिक, ते श्रीमंताच्या हॉटेलात नैतिक कसे, हा प्रश्न न्यायालयात उभा राहणारच होता. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

त्यानंतर तरी सभागृहाने शांतपणे बसून मजकूर तपासावा की नाही? १३ जून २०१४ रोजी सुधारणा विधेयक आले आणि विधानसभेत चर्चेविनाच एकमताने मंजूर झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली. २०१६ मध्ये आणखी एक कायदा झाला. १७ जानेवारी २०१९ रोजी त्यातील अनेक अटी न्यायालयाने रद्द केल्या. २००५ ते २०१९ ही चौदा वर्षे, तीन कायदे आणि हाती उरले ते नियमन, बंदी नव्हेच. या काळात सत्तेवर आघाडीही होती आणि युतीही; तेव्हा दोष एका पक्षाच्या माथी मारून सुटका होणार नाही. एकमत ही चर्चेला पर्यायी वस्तू आहे, असे मानण्याची जी सवय सर्वच पक्षांना जडली आहे, तिचे हे फळ होय. सभागृहात वाचविलेले दोन तास न्यायालयात वर्षांच्या हिशेबाने फेडावे लागतात.

एकच विषय, दोन वाटा

याच्या उलट अनुभवही महाराष्ट्रानेच नुकताच घेतला आहे. शहरी नक्षलवादाला आळा घालण्यासाठी आणलेले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक प्रथम ११ जुलै २०२४ रोजी सभागृहात आले. ते पावसाळी अधिवेशन दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला संपले. विधेयक पुढे सरकले नाही. नोव्हेंबरात निवडणूक होऊन नवी विधानसभा अस्तित्वात आली. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढील प्रलंबित विधेयके व्यपगत होतात, हा राज्यघटनेच्या १९६ व्या अनुच्छेदाचा दंडक आहे. अधिवेशन संस्थगित झाल्याने विधेयक मरत नाही. सभागृहाचे आयुष्य संपले की मात्र ते मरते.

डिसेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा विषय नागपुरात नव्याने मांडला, तो मात्र दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे सोपविण्याच्या तयारीने. चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत जयंत पाटील, नाना पटोले यांच्यासारखे विरोधी बाकांवरील ज्येष्ठही होते. नागरिकांकडून आणि संस्थांकडून १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीने मजकुरात महत्त्वाचे बदल सुचविले. कायद्याचा रोख सैल शब्दांत न ठेवता तो कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटनांवर असल्याचे स्पष्ट झाले, सल्लागार मंडळाची रचना अधिक भक्कम करण्यात आली आणि तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यात आला. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत आणि ११ जुलैला विधान परिषदेत विधेयक संमत झाले. अधिवेशन संपायला तेव्हा आठवडा बाकी होता.

विरोध झाला नाही असे नव्हे. विधानसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव सदस्य विनोद निकोले यांनी विरोध नोंदविला. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. लोकशाहीत हे व्हायचेच. पण हा कायदा पुढे न्यायालयाच्या कसोटीला उतरला किंवा न उतरला, तरी मूळ मसुद्यापेक्षा त्याची बाजू बळकट झाली आहे, हे त्याच्या टीकाकारालाही नाकारता येणार नाही. राष्ट्राच्या सुरक्षेचा कायदा कठोर असावा, हे खरेच. परंतु जो कायदा कठोर असतो तोच सर्वाधिक काटेकोर असावा लागतो. समितीत गेलेले सात महिने हा विलंब नव्हता. ती कायद्याची मशागत होती.

अध्यादेशाचा आडमार्ग

अधिवेशने आखडली की अध्यादेशांचा मोह वाढतो. सभागृह बसलेले नसताना तातडीची गरज भासली तर राज्यपालांनी अध्यादेश काढावा, अशी सोय २१३ व्या अनुच्छेदात आहे. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मान्यता मिळाली नाही तर तो आपोआप गळून पडतो. ही सोय आपत्कालासाठी आहे, सोयीसाठी नव्हे. मुंबई विधानसभेचे आणि पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले दादासाहेब मावळंकर यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अध्यादेशांच्या वाढत्या वापराबद्दल पंडित नेहरूंच्या शासनाला पत्रे लिहून नापसंती कळविली होती. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचा, पण निष्ठा सभागृहाशी, असा तो काळ होता.

या प्रश्नाची सर्वांत चिकाटीने तड लावली ती पुण्याने. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमधील अध्यादेशांचा अभ्यास केला. १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ अध्यादेश पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवण्यात आले होते. काही तर चौदा वर्षांपर्यंत. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ च्या डिसेंबरात न्यायालयाने ही प्रथा राज्यघटनेशी प्रतारणा ठरविली. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हाच निर्णय अधिक ठामपणे उच्चारला. एका अभ्यासकाने ग्रंथालयात बसून, राजपत्रे चाळून शासनाला वेसण घातली. नागरिकाने ठरविले तर काय होऊ शकते, याचा हा वस्तुपाठ आहे.

संमतीच्या प्रतीक्षेत

सभागृहात घाई आणि सभागृहाबाहेर खोळंबा, अशी ही विचित्र जोडी आहे. विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले म्हणजे कायदा झाला, असे नाही. राज्यपालांची संमती लागते आणि समवर्ती सूचीतील केंद्रीय कायद्याशी विसंगती असेल तर राष्ट्रपतींचीही. तेथे घड्याळ थांबते.

गोवंशहत्या बंदीचे विधेयक युतीच्या पहिल्या शासनाने १९९५ साली संमत केले. १९७६ च्या कायद्याने गायीला दिलेले संरक्षण बैल आणि वळू यांनाही मिळावे, एवढाच त्याचा गाभा. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ते दिल्लीला गेले आणि संमती मिळाली ती २०१५ च्या प्रारंभी. एक पिढी उलटली. या अवधीत केंद्रात काँग्रेसची शासने होती, तशीच अटलजींचीही होती, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातील बंदी उचलून धरली. मात्र राज्याबाहेरून आणलेले गोमांस बाळगण्यावरील निर्बंध रद्द केला. वीस वर्षे वाट पाहिलेल्या कायद्यातही तपासायचे काही उरले होते, असाच त्याचा अर्थ.

गुजरातचे संघटित गुन्हेगारीविरोधी विधेयक २००३ साली संमत झाले. महाराष्ट्राच्या मोक्काला १९९९ सालीच राष्ट्रपतींची संमती मिळाली होती. त्याच धर्तीचे गुजरातचे विधेयक मात्र पुनःपुन्हा परत आले आणि सुधारित रूपात नोव्हेंबर २०१९ मध्ये मार्गी लागले. महिलांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षा सुचविणारे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. संयुक्त समितीची चाळणीही त्याला लागली होती. ते संमतीच्या प्रतीक्षेत असतानाच १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या दंड संहितेत दुरुस्ती करायची, ती संहिताच इतिहासजमा झाली. इमारतच उरली नाही, तर तिच्या डागडुजीचा आराखडा काय कामाचा?

सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२५ रोजी तामिळनाडूच्या प्रकरणात संमतीसाठी मुदती आखून दिल्या होत्या. परंतु २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत देताना, न्यायालयाला अशी कालमर्यादा लादता येणार नाही आणि मानीव संमती ही कल्पना राज्यघटनेत बसत नाही, असे स्पष्ट केले. कारण न देता दीर्घकाळ विधेयक अडवून ठेवल्यास न्यायालय मर्यादित दखल घेऊ शकते, एवढीच वाट मोकळी राहिली. घटनात्मक पदांचा मान राखायचा तर हे योग्यच. पण मग जबाबदारी अधिक वाढते. न्यायालयाने घालून द्यायची नाही ती मर्यादा राजधर्माने स्वतःवर घालून घ्यायची असते.

सभागृहाचे बळ

महाराष्ट्राची परंपरा याहून निश्चितच थोर आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हाताला काम देण्याची कल्पना आधी तासगाव तालुक्यात प्रयोग करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबविली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आधी प्रयोग, मग योजना, मग कायदा! म्हणूनच तो टिकला आणि २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा करताना महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी १९५७ साली विधानसभेत गेले ते मूठभर सदस्यांच्या गटातून. संख्या नव्हती, अभ्यास होता. मतदारांना दरवर्षी आपल्या कामाचा लेखी अहवाल देणारा हा लोकप्रतिनिधी विधेयकाचा शब्द न् शब्द वाचून सभागृहात उभा राहत असे. सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख विचाराने दुसऱ्या टोकाचे, पण सभागृहाचे गांभीर्य जपणारे. अशा सदस्यांमुळेच सत्ताधाऱ्यांना तयारी करून यावे लागत असे.

उपाय अवघड नाहीत. तातडी नसलेले प्रत्येक विधेयक अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात मांडले जावे. ज्या विधेयकात शिक्षेची, मालमत्तेची वा नागरिकाच्या स्वातंत्र्याची तरतूद आहे, ते समितीकडे जाणे हा नियम व्हावा, अपवाद नव्हे. त्याचा मराठी मसुदा जनतेसमोर आधी यावा. विधान परिषदेला शेवटच्या दिवशी शिक्का मारण्यापुरते बोलावू नये. सामान्य विधेयक तीन महिने रोखून विचार करण्याची मुभा राज्यघटनेनेच तिला दिली आहे. या सभागृहात पदवीधरांचे सात आणि शिक्षकांचे सात प्रतिनिधी बसतात. त्यांना निवडून देणारा सुशिक्षित वर्ग मतदार नोंदणीपलीकडे त्यांना कधी काही विचारतो काय?

जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, त्या कोणी तरी वेळ काढून लिहिल्या म्हणूनच. पुढच्या विधेयकावर सूचना मागविल्या जातील तेव्हा शाखेतील, वस्तीतील, सोसायटीतील चार सुजाण माणसांनी एकत्र बसून मसुदा वाचावा आणि आपल्या आमदाराला एकच प्रश्न विचारावा : आपण हे विधेयक वाचले आहे काय? हा प्रश्न प्रत्येक मतदारसंघातून विचारला जाऊ लागला, तर शेवटच्या आठवड्यातील ती घाई आपोआप ओसरेल.