दिवा मालवल्याने किती वीज वाचते?

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभरातील कोट्यवधी घरांनी आपले दिवे नऊ मिनिटांसाठी मालविले. टाळेबंदीच्या काळात जनतेने एकजुटीचे दर्शन घडवावे, एवढाच पंतप्रधानांच्या त्या आवाहनाचा हेतू होता. विजेच्या बचतीचा प्रश्न त्यात नव्हता. तथापि, घरगुती दिव्यांचे देशाच्या वीजव्यवस्थेतील स्थान काय, हे त्या नऊ मिनिटांनी अनायासे दाखवून दिले.

मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने उतरेल, असा वीजजाल सांभाळणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे एकतीस हजार मेगावॉटने उतरली. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे कठीण असल्याने निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. तो बिघडला तर जाल कोसळते. महाराष्ट्राचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सर्व दिवे एकाच वेळी मालवू नयेत असे सुचविले होते, ते याच भीतीने. कोळशावरील केंद्राची भट्टी नऊ मिनिटांसाठी विझवून पुन्हा पेटविता येत नाही. म्हणून मुख्य भार जलविद्युत केंद्रांवर टाकण्यात आला आणि त्यांची निर्मिती सुमारे साडेसतरा हजार मेगावॉटने खाली आणून पुन्हा वर नेण्यात आली. जाल टिकले, ही अभियंत्यांची कर्तबगारी होय.

आता बचतीचा हिशेब पाहू. एकतीस हजार मेगावॉटची घट पूर्ण नऊ मिनिटे टिकली असे मानले, तरी वाचलेली वीज फार तर साडेसेहेचाळीस लाख युनिट भरते. टाळेबंदीतही देशाचा रोजचा वापर अडीचशे कोटी युनिटांहून अधिक होता. म्हणजे सबंध राष्ट्राने दिवे मालवूनही एका दिवसाच्या विजेपैकी एक-पंचमांश टक्काही वाचला नाही. जे वाचले त्यातील मोठा भाग धरणांतील पाण्याच्या रूपाने मागे राहिला आणि ते पाणी पुढे कधीतरी वापरले जाणारच होते.

याचा अर्थ दिवा मालविणे व्यर्थ आहे असा नव्हे. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करण्यास ढोबळ मानाने सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि वाहिन्यांतील गळती धरता घरात वाचलेले एक युनिट केंद्रावरील एका युनिटाहून अधिक वीज वाचविते. ट्यूबलाइट पुन्हा लावताना फार वीज खाते, म्हणून ती चालूच ठेवावी, हा समजही निराधार आहे. तो जादा खर्च काही सेकंदांत भरून निघतो. रिकाम्या खोलीतील दिवा मालवावा, हे वडीलधाऱ्यांचे सांगणे तेव्हाही योग्य होते, आजही योग्य आहे.

बदलले आहे ते त्या सांगण्याचे वजन. साठ वॉटचा जुना बल्ब पाच तास विनाकारण जळला, तर तीनशे वॉट-तास वीज वाया जात असे. आजचा नऊ वॉटचा एलईडी तितकाच वेळ विसरला गेला, तर केवळ पंचेचाळीस वॉट-तास जातात; एक युनिट वाया जाण्यास बावीस रात्री लागतात. उलट, पंचाहत्तर वॉटच्या जुन्या पंख्याच्या जागी तीस वॉटचा नवा पंखा बसविला आणि तो बारा तास चालला, तर रोज पाचशे चाळीस वॉट-तास वाचतात. ही बचत विसरलेल्या बारा दिव्यांइतकी झाली. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राचा एक तास तर अशा एका दिव्याच्या जवळजवळ सात अहोरात्रींना भारी पडतो.

दिव्यांच्या बाबतीत हे परिवर्तन घडले ते उपदेशाने नव्हे. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेखाली छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केल्यामुळे बल्बची खरेदी-किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून काही वर्षांतच चाळीस रुपयांच्या आत आली. या दिव्यांमुळे वर्षाला सुमारे पावणेपाच हजार कोटी युनिटांची बचत होते, असा सरकारी अंदाज आहे. दिवा स्वस्त झाला की अधिक दिवे लागतात, हे खरे. कोळशाच्या काटकसरी यंत्रांमुळे कोळशाचा एकूण खप वाढतो, असे जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते. परंतु साठाचा बल्ब नऊवर आल्यावर ही वाढ सारी बचत गिळून टाकील, असे मानण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. दुपारी सौर वीज विपुल असते. सूर्यास्तानंतर ती नाहीशी होते आणि नेमके त्याच वेळी घरोघर दिवे, पंखे व दूरदर्शन संच सुरू होतात. त्या वेळचे युनिट महाग पडते, कारण केवळ त्या काही तासांसाठी केंद्रे सज्ज ठेवावी लागतात. म्हणून सायंकाळी वाचलेल्या युनिटाचे मोल दुपारच्या युनिटाहून अधिक आहे. २०२३ साली केंद्राने केलेल्या नियमांत वेळेनुसार दर आकारण्याची तरतूद झाली, तिचे तर्कशास्त्र हेच. मात्र पाण्याचा पंप वा कपडे धुण्याचे यंत्र दुपारी चालविणे घरात दिवसा माणूस असेल त्यालाच शक्य आहे. दिवसभर नोकरीवर असणाऱ्या कुटुंबाला सायंकाळचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास पुढे ढकलता येत नाही. दर ठरविणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती नजरेआड करता कामा नये.

खरा प्रश्न बचतीची जबाबदारी कोणाची, हा आहे. महिन्याला शंभर युनिटेही न वापरणाऱ्या कुटुंबाला दिवे मालविण्याचा उपदेश करणे सोपे असते, कारण त्यासाठी सरकारला एक पैसाही खर्चावा लागत नाही. पण त्या कुटुंबाजवळ वाचविण्यासारखे दिव्यांत फारसे उरलेलेच नाही. त्याची बचत पंख्यात दडलेली आहे आणि काटकसरी पंखा साध्या पंख्याहून बराच महाग असल्याने ती त्याच्या हाताबाहेर राहते. दिव्यांसाठी जी घाऊक खरेदी आणि हप्त्यांची सोय झाली, तीच पंख्यांसाठी त्याच जोमाने व्हावयास हवी. तोवर नागरिकांनी दिवे अवश्य मालवावेत. मात्र तेवढ्याने आपले कर्तव्य संपले, असे शासनाने मानू नये.