सर्वांत पडेल गाणं कोणतं?

‘गीतरामायणातलं सर्वांत पडेल गाणं कोणतं?’ १९९०च्या सुमारास बदलापूर लोकलमध्ये कुणीतरी हा प्रश्न टाकला आणि उल्हासनगर येईपर्यंत डबा तापला. भांडणारे सगळे गदिमा-बाबूजींचे भक्तच! ज्याला छप्पन्न गाणी पाठ नाहीत, त्याला या वादात जागा नव्हती. मी बँकवाला, चौथ्या सीटवर टेकून मतं मोजत होतो.

बहुतेकांचं बोट युद्धाकडे. रावण कुंभकर्णाला हाक घालतो, ते गाणं बहुमतानं पडलं. माझंही मत त्यातच.

अंबरनाथला चढणारे एक काका तेवढे विरोधात. त्यांनी १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर ते ऐकलेलं. आठवड्याला एक नवं गाणं. पुढचं ऐकायला आठवडाभर थांबायचं. “तुम्ही कॅसेट पुढे पळवता. आम्हाला लंकेत काय चाललंय, ते त्या गाण्यानंच कळायचं,” ते चिडून म्हणाले. आम्ही हसलो. काका ठाण्यापर्यंत बोलले नाहीत.

परवा मी तेवढं एकच गाणं लावलं. पुढचं लावायला आठवडाभर थांबायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशीच लावलं. पण काकांवर हसायला नको होतं.